चौरी चौरा खटला आणि १७२ फाशीच्या शिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौरी चौरा हे नाव शाळेच्या इतिहासात एका ओळीत येऊन जाते. जमावाने पोलीस ठाणे जाळले आणि गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. त्या ओळीनंतर सुरू झालेला खटला मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतो. एकाच निकालाने १७२ माणसांना फाशी सुनावली गेली, आणि त्यांतील ३८ जण पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. ही चूक कशी घडली, याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चौरी चौरा येथे नेमके काय घडले होते?

चौरी आणि चौरा ही तत्कालीन संयुक्त प्रांतातील गोरखपूर जिल्ह्यातील दोन गावे. रेल्वे स्थानकाला दोन्ही गावांचे मिळून नाव पडले आणि पुढे तेच रूढ झाले. असहकार आणि खिलाफत चळवळीच्या काळात या भागातील शेतकरी, शेतमजूर आणि विणकर मोठ्या संख्येने स्वयंसेवक झाले होते. दारूच्या दुकानांपुढे निदर्शने करणे आणि बाजारातील मासे व मांस यांचे चढे भाव उतरवून घेणे, अशी त्यांची कामे चालू होती. फेब्रुवारी १९२२ च्या सुरुवातीला मुंडेरा बाजारात ठाण्याचा फौजदार गुप्तेश्वर सिंह याने भगवान अहीर नावाच्या स्वयंसेवकाला मारहाण केली. हा भगवान अहीर सैन्यातून निवृत्त झालेला होता आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जाऊन आला होता. त्या मारहाणीचा जाब विचारावा आणि पुढे बाजारात निदर्शने करावीत, या हेतूने ४ फेब्रुवारीला डुमरी गावातून मोठी मिरवणूक निघाली.

मिरवणूक ठाण्यापाशी आल्यावर बाचाबाची झाली, दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जमावातील माणसे मारली गेली. बहुतेक वृत्तांतांत हा आकडा ३ दिलेला आहे. गोळ्या संपल्यावर पोलीस ठाण्यात शिरले. जमावाने रॉकेल ओतून ठाणे पेटवून दिले आणि जे बाहेर आले त्यांनाही ठार मारले. पोलीस आणि चौकीदार मिळून २३ जण मेले, काही नोंदींत हा आकडा २२ आहे. मृतांमध्ये गुप्तेश्वर सिंहही होता.

काही पुस्तकांत तारीख ५ फेब्रुवारी दिलेली असते. कोणती खरी?

घटना शनिवारी, ४ फेब्रुवारी १९२२ रोजी घडली. ५ तारीख अनेक जुन्या लेखनात आढळते आणि तेथून ती पुढच्या पुस्तकांत उतरत गेली.

मारले गेलेले पोलीसही माणसेच होती. मग आरोपींच्या बाजूने बोलणे म्हणजे त्या हत्येचे समर्थन नव्हे का?

नव्हे, आणि हा प्रश्न टाळून पुढे जाणे योग्यही नाही. ठाण्यात मेलेल्यांपैकी कित्येक जण गावातले साधे चौकीदार होते. गरिबीत ते आरोपींहून फारसे वेगळे नव्हते. त्यांचा मृत्यू अत्यंत क्रूर होता. परंतु २३ माणसांना कोणी मारले हे शोधून काढण्याची जबाबदारी त्यामुळे हलकी होत नाही, उलट वाढते. ज्याने हत्या केली नाही त्याला फासावर चढवले तर मृत पोलिसांनाही न्याय मिळत नाही. या खटल्यावर टीका करताना गुन्हा नाकारण्याची गरज नाही, दोषी कोण हे कसे ठरवले गेले एवढेच पाहिले तरी पुरते.

आरोपी कसे शोधले गेले?

सगळ्या चुकीचे मूळ या प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून ते थोडे सविस्तर देणे भाग आहे.

हजारोंचा जमाव होता, आणि ठाण्यातून ज्यांनी हल्लेखोरांना जवळून पाहिले असते ते बहुतेक सगळे मेले होते. सरकारला मात्र नावे हवी होती, तीही लवकर. अशा वेळी तपास साहजिकच त्या कागदांकडे वळला ज्यांवर नावे आधीच लिहिलेली होती. असहकार चळवळीत सामील होताना स्वयंसेवक प्रतिज्ञापत्रावर सही करीत किंवा अंगठा उठवीत, आणि त्यावर गाव, नाव आणि बापाचे नाव असे. संयुक्त प्रांतात १९२१ च्या अखेरीस, १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली, अशी स्वयंसेवक पथके बेकायदेशीर ठरवली गेली होती. त्यामुळे प्रतिज्ञापत्रावर नाव असणे हीच संशयाला पुरेशी गोष्ट झाली. शांततेने वागण्याची शपथ ज्या कागदावर घेतली, तोच कागद आरोपीचा माग काढायला उपयोगी पडला.

गावोगाव धाडी पडल्या, माणसे पळाली, आणि पळाला म्हणून दोषी असा तर्कही झाला. या भागात गाव म्हटले की अनेक जण एकाच नावाचे. फाशी गेलेल्या १९ जणांच्या यादीतही संपत नावाचे दोन जण आहेत. नावावरून माणूस पकडणे आणि माणसावरून गुन्हा सिद्ध करणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे अशा वेळी ध्यानात येते.

पुढे गावांतील साक्षीदारांचाही प्रश्न आला. जमीनदारांचे कारभारी आणि बाजाराशी हितसंबंध असलेली माणसे यांच्यातील काहींचे स्वयंसेवकांशी आधीपासूनच वाकडे होते, कारण निदर्शने त्यांच्याच बाजारात चालली होती. अशा माणसाने जमावात कोणाला पाहिल्याचे सांगितले, तर ते खरेही असू शकते आणि जुन्या रागातूनही आलेले असू शकते. दोन्हींतला फरक करायला प्रत्येक आरोपीबाबत वेगळी, शांत चौकशी लागते, आणि ती शेकडो आरोपींच्या एकत्रित खटल्यात होणे फार कठीण असते.

माफीचा साक्षीदार कोण होता, आणि त्याच्या साक्षीला एवढे महत्त्व का आले?

मीर शिकारी हा डुमरीचा, स्वयंसेवकांच्या पुढाऱ्यांपैकी एक. तो शरण आला आणि माफीचा साक्षीदार झाला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३७ प्रमाणे, गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाने सगळी खरी हकिगत सांगितली तर त्याला माफी देता येत असे. बैठकीत काय ठरले, मिरवणुकीत कोण कोण होते, ठाण्यावर कोणी काय केले, हे शिकारीने सलग कथेच्या रूपात सांगितले. विस्कळीत घटनेला त्यामुळे कट, पुढारी आणि अनुयायी असा आकार मिळाला. फिर्यादी पक्षाचा खटला मुख्यतः याच कथेवर उभा राहिला.

अशा साक्षीतला धोका कायद्याला माहीत नव्हता असे नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३३ मध्ये म्हटले होते की, गुन्ह्यातील साथीदाराने पुष्टीविना दिलेल्या साक्षीवर शिक्षा झाली एवढ्यानेच ती बेकायदेशीर ठरत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ११४ खालील उदाहरणात मात्र सांगितले होते की, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाली नाही तर असा साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. एक कलम दार उघडे ठेवते आणि दुसरे उंबऱ्यावर सावध करते. न्यायाधीश त्यांपैकी कोणत्या कलमाकडे अधिक झुकतो, यावर माणसाचा जीव अवलंबून राहत असे. ज्याला स्वतःची मान सोडवून घ्यायची आहे, त्याला आपल्या कथेत जितकी जास्त नावे घालता येतील तितका तो सरकारच्या दृष्टीने उपयुक्त ठरतो. शिकारी प्रत्येक नावाबाबत खोटे बोलला असे म्हणता येत नाही. पण दोनशेहून अधिक आरोपींपैकी प्रत्येकाने त्या गर्दीत नेमके काय केले, हे एका माणसाच्या स्मरणातून ठरवणे कोणत्याही न्यायालयाने मान्य करायला नको होते.

सत्र न्यायालयाने एकदम १७२ जणांना फाशी कशी दिली?

सुमारे २२५ आरोपींवर गोरखपूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला. त्यापूर्वी आणि त्या दरम्यान ६ जण कोठडीतच मरण पावले. न्यायाधीश एच. ई. होम्स यांनी ९ जानेवारी १९२३ रोजी निकाल दिला आणि १७२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

याला कायद्याचा आधार होता तो भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ चा. बेकायदेशीर जमावातील कोणीही जमावाच्या सामायिक उद्देशासाठी गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो, असे हे कलम सांगते. त्याला खुनाचे कलम ३०२ जोडले की जमावात उभा असलेला माणूसही खुनी ठरू शकतो. मग फिर्यादी पक्षाने त्याने काठी चालवली की रॉकेल आणले, की नुसता लांबून पाहत होता, हे सिद्ध करण्याची निकड उरत नाही. तो तेथे होता आणि त्याचा उद्देश जमावाचाच होता, एवढे दाखवले की काम भागते.

तरीही फाशी अपरिहार्य नव्हती. कलम ३०२ मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा, असे दोन पर्याय होते. सर्वांना सरसकट टोकाची शिक्षा देणे हा न्यायाधीशाचा निर्णय होता, कायद्याची सक्ती नव्हती. साम्राज्याच्या ठाण्यावर हात टाकल्याचा हिशेब चुकता करण्याची घाई या निकालात उघड दिसते, असे माझे मत आहे, आणि पुढे उच्च न्यायालयात जे झाले त्याने ते मत पक्के होते.

निकालाच्या वेळी लोकांनी विरोध केला का?

केला. एवढ्या मोठ्या संख्येच्या फाशीने देशभर खळबळ उडाली. त्या वेळी युरोपात असलेले मानवेंद्रनाथ रॉय यांनी या शिक्षा म्हणजे कायद्याच्या आडून केलेली हत्या आहे, अशा अर्थाचा तीव्र निषेध केला. काँग्रेसमध्ये मात्र अवघडलेपण होते. अहिंसेच्या शपथेचा भंग झाल्यामुळे आरोपींना आपले म्हणावे की नाही, याविषयी पुढाऱ्यांचे मन द्विधा होते. त्यामुळे त्या कैद्यांच्या वाट्याला सरकारचा सूड आणि स्वकीयांचे मौन या दोन्ही गोष्टी आल्या. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अधिक खटकते ते हे मौन.

गांधीजींची भूमिका काय होती?

त्यांनी हिंसेचा निःसंदिग्ध निषेध केला. बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणीने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सामुदायिक कायदेभंग स्थगित केला आणि गांधीजींनी पाच दिवसांचे उपोषण केले. ज्यांच्या हातून गुन्हा घडला त्यांनी स्वतः सरकारच्या स्वाधीन होऊन कबुली द्यावी, असा सल्लाही त्यांनी लिहून दिला होता. तो सल्ला नैतिक दृष्टीने प्रामाणिक होता यात शंका नाही. पण त्यात एक गृहीत धरलेले होते की, कबुली देणाऱ्याचा आणि निरपराधाचा भेद न्यायालय नीट करील. जानेवारी १९२३ च्या निकालाने ते गृहीत चुकीचे ठरवले.

निकाल लागला तेव्हा गांधीजी स्वतः कैदी होते. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत त्यांना राजद्रोहासाठी ६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात आणले गेले. अपील चालले आणि फाशी दिल्या गेल्या, तेव्हा ते येरवड्यातच होते.

उच्च न्यायालयात अपिलाचे काय झाले?

सत्र न्यायालयाच्या फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागत असे, त्यामुळे प्रकरण अलाहाबादला गेले. आरोपींची बाजू पंडित मदनमोहन मालवीय यांनी मांडली. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वकिली सोडून दिली होती आणि या अपिलासाठी ते पुन्हा न्यायालयात उभे राहिले. मुख्य न्यायाधीश ग्रिमवुड मिअर्स आणि न्यायमूर्ती पिगट यांच्यापुढे सुनावणी झाली. ३० एप्रिल १९२३ रोजी निकाल आला.

त्यात १९ जणांची फाशी कायम राहिली. ११० जणांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांची शिक्षा प्रत्यक्षात तीन, पाच किंवा आठ वर्षांवर आणण्यात आली. तिघांना फक्त दंगलीबद्दल २ वर्षांची कैद झाली. ३८ जण निर्दोष सुटले.

उच्च न्यायालयाने प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा पाहिला आणि माफीच्या साक्षीदाराला स्वतंत्र पुष्टी कोठे मिळते हे तपासले. ज्याच्याविषयी पुष्टी नव्हती त्याला सोडले. फरक एवढाच होता, आणि एवढ्या फरकाने शंभराहून जास्त माणसांचे जीव वाचले. ज्या कागदांवर जानेवारीत १७२ फाशी उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर एप्रिलमध्ये ३८ जण निर्दोष ठरले, हे लक्षात घेतले म्हणजे खालच्या न्यायालयात तपासणी किती तोकडी झाली होती ते कळते.

तर मग यंत्रणेनेच स्वतःची चूक दुरुस्त केली, असे नाही का म्हणता येणार?

काही अंशी म्हणता येईल. उच्च न्यायालयाचे पाऊल महत्त्वाचे होते आणि मालवीयांच्या मेहनतीशिवाय ते पडले असते असे मला वाटत नाही. परंतु त्या ३८ जणांनी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फाशीची वाट पाहत दिवस काढले, आणि त्याआधी अटकेपासूनचा काळ कोठडीत गेला. कोठडीत मेलेल्या ६ जणांना अपील करताच आले नाही. जे निर्दोष ठरले त्यांच्या शेतीचे, कर्जाचे आणि घराचे त्या काळात काय झाले असेल, याचा अंदाज कोणत्याही शेतकरी कुटुंबाला येईल.

शिवाय जे १९ जण फाशी गेले त्यांच्याविरुद्धचा पुरावाही त्याच तपासातून आलेला होता. त्यांच्यात नजर अली, लाल मोहम्मद, अब्दुल्ला, भगवान अहीर यांसारखे पुढारपण केलेले लोक होते. ते मिरवणुकीच्या पुढे होते याविषयी वाद नाही. प्रत्येकाने हत्येत हात घातला हे मात्र त्या पुराव्यातून निःशंक ठरते, असे मी लिहू शकत नाही. पुढारी होता म्हणून हत्येस जबाबदार, हा राजकीय न्याय आहे. फौजदारी न्यायाला याहून जास्त पुरावा लागतो.

फाशी केव्हा आणि कोठे दिली गेली?

जुलै १९२३ मध्ये, २ ते ११ तारखांच्या दरम्यान, संयुक्त प्रांतातील वेगवेगळ्या तुरुंगांत.

महाराष्ट्रात अशी चुकीची किंवा संशयास्पद शिक्षा झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि त्यांतील दोन वेगळ्या प्रकारची आहेत. पहिले पुण्याचे. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड आणि त्याचा सहकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर पुण्यातील प्रतिष्ठित नातू बंधूंना, बाळासाहेब आणि तात्यासाहेब यांना, १८२७ च्या मुंबई नियमावलीतील पंचविसाव्या नियमाखाली कोणताही खटला न चालवता अटकेत ठेवले गेले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. हत्या चापेकर बंधूंनी केली होती हे पुढे उघड झाले, तरीही नातू बंधूंची सुटका १८९९ पर्यंत लांबली. तेथे न्यायालयाची चूक झालीच नाही, कारण प्रकरण न्यायालयापुढे आणलेच गेले नाही. चूक दुरुस्त करायला अपील लागते आणि अपिलाला आधी निकाल लागतो. नातू बंधूंच्या बाबतीत निकालच नव्हता, त्यामुळे दाद मागायची तरी कोणाविरुद्ध?

दुसरे सोलापूरचे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उद्रेक झाला, पोलीस मारले गेले आणि १२ मे ते ३० जून लष्करी कायदा लागू होता. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. लोकांना शांत करायला पुढे आलेल्या माणसांनाच नेते म्हणून हेरून शिक्षा झाली, अशी सोलापूरकरांची आजही दृढ भावना आहे. चौरी चौराशी या प्रकरणाचे साम्य उघड आहे. दोन्ही ठिकाणी जमाव मोठा होता, मेलेले पोलीस होते, आणि ज्यांची नावे आधीपासून माहीत होती त्यांच्यावरच पोलिसांची नजर गेली. शहरे वेगळी होती, प्रांतही वेगळे होते, पद्धत मात्र एकच होती.

चुकीने शिक्षा झालेल्यांना भरपाई मिळण्याची सोय होती का?

नाही. ब्रिटिश काळाच्या फौजदारी प्रक्रियेत, खोट्या किंवा त्रासदायक तक्रारीबद्दल दंडाधिकाऱ्याला आरोपीला थोडी भरपाई देवविता येत असे. सत्र न्यायालयाने दिलेली आणि वरच्या न्यायालयाने रद्द केलेली फाशी तिच्या कक्षेत येत नव्हती. चौरी चौराच्या ३८ जणांना कायद्याने मिळवता येण्यासारखे काहीच नव्हते. स्वतंत्र भारतातही चुकीच्या खटल्यांबद्दल भरपाईचा स्वतंत्र कायदा व्हावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. याचा अर्थ इतकाच की, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे उलटली तरी हा प्रश्न सुटलेला नव्हता.

माफीचा साक्षीदार आणि जमावाची सामायिक जबाबदारी ही कलमे आज आहेत का?

दोन्ही आहेत. कलम १४९ चा आशय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० मध्ये कायम आहे. माफीचा साक्षीदार करण्याची तरतूदही नव्या प्रक्रिया संहितेत चालू आहे. एका गोष्टीत मात्र बदल झाला आहे. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम १३३ मध्ये पुष्टीविना दिलेल्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदेशीर नाही असे म्हटले होते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये पुष्टी असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदेशीर नाही, असे शब्द आले आहेत. १९२३ मध्ये हीच अट गोरखपूरच्या न्यायालयावर बंधनकारक असती, तर त्या १७२ नावांतील कितीतरी नावे यादीत आलीच नसती.

चौरी चौराला आज काय पाहायला मिळते?

ठार झालेल्या पोलिसांचे स्मारक ब्रिटिशांनी त्या काळीच उभारले. फाशी गेलेल्यांचे स्मारक व्हायला अर्धशतक लागले. जिल्ह्यातील लोकांनी १९७१ मध्ये शहीद स्मारक समिती स्थापन केली आणि १९७३ मध्ये मनोरा उभा राहिला. पुढे इंदिरा गांधींनी १९८२ मध्ये नव्या स्मारकाची पायाभरणी केली आणि १९९३ मध्ये नरसिंह राव यांनी त्याचे उद्घाटन केले. ४ फेब्रुवारी २०२१ पासून शताब्दी वर्ष साजरे झाले आणि त्या निमित्ताने टपाल तिकीट निघाले. गोरखपूरहून सुटणाऱ्या एका गाडीलाही चौरी चौरा हेच नाव आहे. स्मारकांत स्मरण होते ते मुख्यतः फाशी गेलेल्या १९ जणांचे. फाशीची शिक्षा ऐकून नंतर निर्दोष ठरलेल्या ३८ जणांची नावेही तेथे, निदान एखाद्या फलकावर, लिहिली जावीत असे मला मनापासून वाटते.